समुद्राकाठचं काँक्रीट: सगळा हिशेब बाहेरच्या ५ सेंटिमीटरचा

रोमन लोकांनी भूमध्य समुद्रात ओतलेलं काँक्रीट आजही पाण्यात शाबूत आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या शेवटी राजा हेरोदने सीझेरिया इथे (आजच्या इस्रायलच्या किनाऱ्यावर) बंदर बांधलं, त्याचे अजस्र ठोकळे समुद्राच्या तळाशी अजून सापडतात. चुना आणि ज्वालामुखीची राख यांचं ते मिश्रण. लाटांच्या माऱ्यात ते दिवसेंदिवस आणखी कठीण होत जातं, असं प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच लिहून ठेवलं होतं. आणि आज किनाऱ्यालगत बांधलेल्या कितीतरी इमारतींचे छज्जे वीस-पंचवीस वर्षांत पोपडे टाकू लागतात, आतली तांबूस सळई उघडी पडते. ‘पूर्वीच्या लोकांचं बांधकाम ते बांधकाम’ असं अशा वेळी सहज तोंडून निघतं. पण या तुलनेत एक गोष्ट राहून जाते. रोमन काँक्रीटच्या पोटात लोखंड नव्हतं. समुद्राचं पाणी काँक्रीटला थेट जेवढी इजा करतं त्याहून कितीतरी जास्त इजा आतल्या सळईला करतं, आणि मग ती गंजलेली सळईच काँक्रीट फोडते.

सळई किती वर्षं टिकणार हे ठरतं तिच्यावर असलेल्या चार-पाच सेंटिमीटर काँक्रीटवर. बांधकामावर या थराला सगळे ‘कव्हर’ म्हणतात. इमारतीचा नकाशा, सिमेंटची कंपनी, सळईची जाडी यांवर खूप चर्चा होते. कव्हरवर फारशी होत नाही. समुद्राजवळ मात्र इमारतीचं आयुष्य त्या थरातच असतं, म्हणून हा लेख त्याच्याबद्दल आहे.

सळई मुळात गंजत का नाही

काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण सोसण्याची त्याची ताकद मात्र दाबाच्या जेमतेम एक दशांश असते. म्हणून जिथे ताण येतो तिथे सळया घालतात: बीमच्या तळाशी, स्लॅबच्या पोटाशी, भिंतीतून बाहेर काढलेल्या छज्ज्याच्या वरच्या अंगाला. सळई काँक्रीटने झाकली की तिला हवा-पाणी लागत नाही, म्हणून ती गंजत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. काँक्रीट सच्छिद्र असतं. त्याच्या बारीक छिद्रांतून ओल आणि प्राणवायू दोन्ही सळईपर्यंत पोचतात.

तिला वाचवतो तो काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा क्षारधर्म. सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेत चुना मोकळा होतो आणि छिद्रांतल्या पाण्याचा सामू म्हणजे पीएच १२.५ ते १३.५ च्या आसपास जातो. इतक्या क्षारयुक्त पाण्यात लोखंडावर स्वतःच्याच ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर, डोळ्यांना दिसणारच नाही इतकी. हा थर शाबूत आहे तोवर सळईचं गंजणं इतकं मंद असतं की व्यवहारात ते नाहीच म्हणायला हरकत नाही.

हा थर दोन वाटांनी मोडतो. पहिली वाट हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची. तो छिद्रांत शिरून चुन्याशी संयोग पावतो, पीएच ९ च्या खाली येतो आणि सळईचं संरक्षण संपतं. याला कार्बोनेशन म्हणतात आणि ते सगळीकडेच होतं, समुद्र असो वा नसो. दुसरी वाट मिठाची. ती समुद्राजवळ जास्त घातक असते, कारण तिथे पीएच चांगला असतानाही सळई गंजते.

मीठ आत गेल्यावर काय होतं

समुद्राच्या पाण्यात वजनाने सुमारे ३.५ टक्के क्षार असतात. त्यातला सगळ्यात मोठा वाटा क्लोराइडचा, दर लिटरला साधारण १९ ग्रॅम. क्लोराइड काँक्रीटमधून सरकत सरकत सळईपाशी पोचतं आणि तिथे पुरेसं साचलं की संरक्षक थर एखाद्या ठिकाणी फोडतं. ‘पुरेसं’ म्हणजे किती याचं एकच उत्तर सगळ्या काँक्रीटना लागू होत नाही, पण सिमेंटच्या वजनाच्या ०.४ टक्के हा आकडा अभियंते सर्रास धरतात. घनमीटरभर काँक्रीटमध्ये ३५० किलो सिमेंट असेल तर हे झालं अवघं १.४ किलो क्लोराइड.

थर फुटला त्या बिंदूपाशी लोखंड विरघळायला लागतं. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन सळईतूनच दुसरीकडे, अजून शाबूत असलेल्या भागाकडे जातात आणि तिथे प्राणवायू व पाणी त्यांना सामावून घेतात. एकाच सळईवर असे दोन प्रदेश तयार होतात: एक झिजणारा, दुसरा त्या झिजेला चालना देणारा. मधल्या ओलसर काँक्रीटमधून विद्युतभार वाहून मंडल पूर्ण होतं. झिजणारा प्रदेश लहान आणि चालना देणारा मोठा असला की सगळी झीज एका ठिकाणी एकवटते आणि सळईत खोल खड्डा पडतो.

आणखी एक वाईट गोष्ट म्हणजे क्लोराइड या क्रियेत खर्च होत नाही. ते लोखंडाला विरघळायला मदत करतं, खड्ड्याच्या आत आम्ल तयार होतं, आणि क्लोराइड पुन्हा त्याच कामासाठी मोकळं राहतं. म्हणून मिठाचा गंज एकदा सुरू झाला की नुसता वरून रंग लावून किंवा प्लास्टर करून थांबत नाही.

गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट भरतं. बंदिस्त जागेत त्याला फुगायला वाव नसतो, त्यामुळे भोवतालच्या काँक्रीटवर आतून जोर येतो आणि ताणात कमकुवत असलेलं काँक्रीट सळईच्या रेषेत चिरतं. सळईची एक दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी झीज पहिली भेग पाडायला बहुधा पुरते. म्हणजे पहिली भेग दिसते तेव्हा सळईची ताकद फारशी गेलेली नसते, पण आतल्या क्लोराइडने उंबरठा मात्र बऱ्याच आधी ओलांडलेला असतो. स्वीडनच्या क्योस्टी टूटी यांनी १९८२ साली इमारतीच्या या आयुष्याची दोन भागांत मांडणी केली. मीठ सळईपर्यंत पोचायला लागणारा काळ पहिला, गंज सुरू झाल्यापासून नुकसान होईपर्यंतचा दुसरा. पहिला काळ दशकांचा असू शकतो आणि त्यात बाहेरून काहीच दिसत नाही. दुसरा बहुतेक वेळा बराच छोटा असतो. त्यामुळे आयुष्य वाढवायचं असेल तर जे काही करायचं ते पहिल्या काळासाठी करावं लागतं, आणि त्यातलं बरंचसं काँक्रीट ओतलं जातं त्या आठवड्यातच ठरून जातं.

सगळ्यात वाईट जागा पाण्याखाली नाही

पुलाचा खांब डोळ्यांसमोर आणा. त्याचा तळाचा भाग कायम बुडालेला, मधला भाग भरती-ओहोटीत भिजणारा, त्याच्या वर लाटांचे तुषार बसणारा आणि आणखी वर फक्त खारा वारा लागणारा. सगळ्यात जास्त नुकसान कुठे होतं? तुषारांच्या पट्ट्यात आणि भरतीच्या रेषेच्या आसपास. कायम पाण्याखालच्या भागात मीठ भरपूर असतं, पण छिद्रं पाण्याने भरलेली असल्याने प्राणवायू फार हळू पोचतो आणि गंजाची गती मंदावते.

तुषारांच्या पट्ट्यात मात्र सगळं जमून येतं. उन्हाने वाळलेलं काँक्रीट, दिव्याची वात तेल ओढते तसं, पहिल्याच लाटेचं खारं पाणी आत ओढून घेतं. मग ऊन पडतं, पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं. पुढची लाट आणखी मीठ आणते. असं वर्षानुवर्षं चाललं की कव्हरच्या बाहेरच्या थरातल्या छिद्रांत खुद्द समुद्रापेक्षाही जास्त खारं पाणी साठतं. वाळलेल्या वेळी प्राणवायूही सहज आत येतो.

खाऱ्या वाऱ्याचा मारा किनाऱ्यापासून दूर जाल तसा झपाट्याने कमी होतो; पहिल्या काहीशे मीटरमध्ये तो सर्वांत जास्त असतो. पण वाऱ्याची दिशा आणि जमिनीचा उंचसखलपणा पाहून तो काही किलोमीटर आतही पोचतो. इथे एक अनपेक्षित गोष्ट घडते. ज्या भिंतीवर पाऊस थेट पडतो तिच्यावरचं बरंचसं मीठ धुऊन जातं. छज्ज्याची खालची बाजू, गॅलरीच्या स्लॅबचं पोट, जिन्याखालचा कोपरा, पुलाच्या गर्डरची आतली अंगं यांना पावसाचं पाणी कधीच लागत नाही. तिथे वाऱ्याने आणलेलं मीठ साचतच जातं. समुद्रासमोरच्या इमारतीची पाहणी करताना दर्शनी भिंतीकडे एक नजर आणि या आडोशाच्या जागांकडे दहा नजरा टाकायला हव्यात.

कोपऱ्यातल्या सळईचंही तसंच. तिच्याकडे मीठ दोन बाजूंनी येतं, म्हणून बीम आणि कॉलमच्या कडेला आधी भेगा पडतात.

समुद्राचं पाणी काँक्रीटच्या सिमेंटवर काहीच परिणाम करत नाही असं नाही. त्यातलं सल्फेट आणि मॅग्नेशियम सिमेंटशी क्रिया करतात. पण घट्ट काँक्रीटमध्ये ही क्रिया बाहेरच्या पातळ थरापुरती राहते, आणि मॅग्नेशियमच्या क्रियेतून पृष्ठभागावर बसणारा थर छिद्रं बुजवायला थोडी मदतही करतो. सळईच्या गंजापुढे हा प्रश्न दुय्यम आहे.

कव्हर: जाडी आणि घट्टपणा

मीठ आत जाण्याचा वेग खोलीबरोबर मंदावत जातो. ढोबळ नियम असा की मीठ जितकं खोल पोचतं ती खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. हे सूत्र कागदावर साधं दिसतं, पण त्याचा अर्थ गंभीर आहे. ५० मिलिमीटर कव्हरमधून मीठ सळईशी पोचायला समजा ४० वर्षं लागणार असतील, तर त्याच काँक्रीटचं कव्हर २५ मिलिमीटर राहिलं की ती वर्षं २० होत नाहीत, १० होतात. कव्हर निम्मं, आयुष्य पाव. कार्बोनेशनलाही साधारण हाच नियम लागतो. स्लॅब ओतताना सळईवर चालणाऱ्यांच्या पायाखाली जाळी खाली दबली, दोन सेंटिमीटरचा फरक पडला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, तर त्या दोन सेंटिमीटरची किंमत अशी दशकांत मोजावी लागते.

म्हणूनच कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवणारे छोटे ठोकळे, ही बांधकामावरची सगळ्यात क्षुल्लक वाटणारी वस्तू मला फार महत्त्वाची वाटते. ते मूळ काँक्रीटच्या तोडीचे, ठरलेल्या जाडीचे आणि जवळजवळ लावलेले हवेत. त्यांच्याऐवजी विटेचा तुकडा, लाकडाची चीप किंवा सळईचाच तुकडा वापरला तर तिथून मिठाला सरळ रस्ता मिळतो. सळईचा तुकडा तर स्वतःच गंजून आतला गंज सुरू करतो. बाइंडिंग वायरची टोकं बाहेरच्या अंगाला सोडली तरी तेच; ती आतल्या बाजूला वळवावी लागतात. कव्हर मोजायचं ते सगळ्यात बाहेरच्या लोखंडापासून, म्हणजे मुख्य सळईच्या भोवतीच्या रिंगेपासून. रिंग विसरून मुख्य सळईपासून मोजलं तर कागदावरचं ५० मिलिमीटर प्रत्यक्षात ४०-४२ च भरतं. आणि वरच्या प्लास्टरला कव्हर समजू नये. ते काँक्रीटपेक्षा खूप जास्त सच्छिद्र असतं.

भारतीय मानक आयएस ४५६ परिस्थितीचे पाच वर्ग करतं. किनारी हवा लागणाऱ्या उघड्या काँक्रीटला ‘तीव्र’ ते ‘अतितीव्र’ वर्गात धरून ४५ ते ५० मिलिमीटर कव्हर, तर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या काँक्रीटला ७५ मिलिमीटर कव्हर, किमान एम-४० दर्जा (२८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन दाब सोसणारं काँक्रीट) आणि सिमेंटच्या ०.४० पटीपेक्षा जास्त नाही एवढंच पाणी, असं ते सांगतं. युरोपीय मानकात समुद्री मिठासाठी वेगळे तीन वर्ग आहेत: खारी हवा, कायम बुडालेला भाग आणि भरती-तुषारांचा पट्टा.

जाडीइतकाच महत्त्वाचा घट्टपणा, आणि तो ठरतो पाण्याने. सिमेंटची क्रिया पूर्ण व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण ०.४ पट पाणी पुरतं. त्याहून जास्त टाकलेलं पाणी पुढे उडून जातं आणि मागे एकमेकांना जोडलेल्या बारीक वाटा सोडतं. मिक्सरमध्ये माल घट्ट वाटतो म्हणून कुणी आणखी दोन बादल्या पाणी ओततं तेव्हा तो त्या वाटा तयार करत असतो. माल सरकण्यासाठी पाणी नको, सुपरप्लास्टिसायझर हवा, म्हणजे पाणी न वाढवता माल प्रवाही करणारं रसायन. आणि व्हायब्रेटर नीट फिरवायला हवा, नाहीतर सळयांच्या मागे खडी मोकळी राहून मधाच्या पोळ्यासारखी पोकळी तयार होते.

मग क्युरिंग. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त आयुष्य वाया जातं. काँक्रीट ओतल्यावर सिमेंटची क्रिया चालू राहायला ओलावा लागतो. उन्हावाऱ्यात पृष्ठभाग सगळ्यात आधी वाळतो, म्हणजे क्युरिंग कमी पडलं की पहिला फटका बसतो तो नेमका कव्हरला. आतला गाभा स्वतःच्या ओलाव्यावर तग धरतो. आता ताकदीची परीक्षा कशी होते ते पाहा. काँक्रीटचे चौकोनी ठोकळे २८ दिवस पाण्याच्या टाकीत ठेवतात आणि मग दाबून फोडतात. टाकीतला ठोकळा छान पिकतो. इमारतीवरचं कव्हर मात्र तीन दिवसांत कोरडं पडलेलं असू शकतं, आणि अहवालात त्याचा मागमूस नसतो. एम-४० काँक्रीट वापरलं म्हणजे काँक्रीट टिकाऊ झालं, हे त्यामुळेच अर्धसत्य आहे. दाबाची ताकद आणि मीठ अडवण्याची क्षमता हे दोन वेगळे गुण आहेत. दुसरा तपासायला वेगळ्या चाचण्या आहेत. एका प्रचलित चाचणीत काँक्रीटच्या चकतीवर ६० व्होल्टचा दाब ६ तास देऊन किती विद्युतभार पार गेला ते कुलोंबमध्ये मोजतात. ४००० च्या वर गेला तर मीठ सहज जाईल असं काँक्रीट, १००० च्या खाली असेल तर फारच घट्ट.

सिमेंट कोणतं

समुद्राजवळ सल्फेट-रोधक सिमेंट वापरावं असा सल्ला पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. सळई असलेल्या काँक्रीटसाठी मी तो मानत नाही. सिमेंटमध्ये ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट नावाचा एक घटक असतो. तो सल्फेटला बळी पडतो हे खरं, पण तोच घटक आत आलेल्या क्लोराइडचा काही भाग फ्रीडेल नावाच्या क्षारात बांधूनही ठेवतो. सल्फेट-रोधक सिमेंटमध्ये हा घटक मुद्दाम कमी केलेला असतो, त्यामुळे मोकळं क्लोराइड जास्त उरतं आणि सळईपर्यंत लवकर जातं.

त्याऐवजी सिमेंटचा एक भाग पोलाद कारखान्यातल्या भट्टीच्या स्लॅगने, औष्णिक केंद्राच्या राखेने किंवा मायक्रोसिलिकाने (सिलिकाच्या अतिसूक्ष्म भुकटीने) भरला तर छिद्रं बारीक आणि तुटक होतात आणि मिठाचा वेग बऱ्याच पटींनी घटतो. समुद्रातल्या मोठ्या कामांत स्लॅगचं प्रमाण सिमेंटच्या निम्म्याहून अधिकही ठेवतात. मात्र या काँक्रीटची क्रिया सावकाश होते, म्हणून त्याला क्युरिंगही जास्त दिवस लागतं. आयएस ४५६ मध्ये साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला १० दिवस सांगितले आहेत. स्लॅग सिमेंट आणून तीन दिवस पाणी मारायचं, यात फायदा तर नाहीच, उलट नुकसान आहे.

कधी कधी मीठ बाहेरून यावं लागत नाही, आतच घातलेलं असतं. समुद्राची न धुतलेली वाळू, खारं पाणी, काँक्रीट लवकर घट्ट व्हावं म्हणून पूर्वी टाकलं जाणारं कॅल्शियम क्लोराइड. अशा काँक्रीटमध्ये सळईला पहिल्या दिवसापासून मीठ भेटतं. कार्बोनेशनचा आणि मिठाचा एक छुपा संबंधही इथे सांगायला हवा: कार्बोनेशन झालं की फ्रीडेलच्या क्षारात बांधलेलं क्लोराइड पुन्हा मोकळं होतं आणि आत सरकतं.

गंजणार नाहीत अशा सळया

मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर प्रोग्रेसो गावाचा लांब धक्का १९३७ ते १९४१ दरम्यान बांधला गेला, स्टेनलेस स्टीलच्या सळया घालून. तो अनेक दशकं जवळपास दुरुस्तीविना वापरात राहिला. त्याच्या शेजारी नंतर साध्या सळया घालून बांधलेल्या धक्क्याचे फक्त खांबांचे अवशेष उरले. स्टेनलेस महाग असतं, पण ते सगळीकडे घालायची गरज नसते. तुषारांच्या पट्ट्यातल्या खांबांच्या बाहेरच्या सळया एवढ्याच स्टेनलेस ठेवल्या तरी मोठा फरक पडतो.

इपॉक्सीचा लेप दिलेल्या सळयांचा अनुभव संमिश्र आहे. अमेरिकेत फ्लोरिडा कीज या बेटांना जोडणारे पूल १९८० च्या सुमारास अशा सळया घालून बांधले, आणि त्यांतल्या काहींच्या खांबांत १९८६ पासूनच गंज दिसू लागला. वाहतुकीत आणि वाकवताना लेपाला ओरखडे पडतात, आणि सगळी झीज त्या छोट्या ओरखड्यांत एकवटते. काचतंतूंच्या सळया गंजत नाहीत, पण त्या पोलादाइतक्या ताठ नसतात, तुटण्यापूर्वी लवून इशारा देत नाहीत आणि कामावर वाकवता येत नाहीत. त्यांचं डिझाइन वेगळं करावं लागतं. पोलादाच्या जागी तेवढीच संख्या बसवून चालत नाही.

काय पाहायचं, काय तपासायचं

सळईच्या रेषेत सरळ धावणारी भेग, तांबूस ओघळ, ठोकल्यावर पोकळ वाजणारं काँक्रीट, निसटलेले पोपडे. या खुणा ओळखायला अभियंता असावं लागत नाही. पण सगळा गंज खुणा देत नाही. जिथे प्राणवायू फार कमी असतो, उदाहरणार्थ पाण्याखाली किंवा वॉटरप्रूफिंगच्या थराखाली, तिथे काळा, न फुगणारा गंज तयार होतो आणि सळई आतल्या आत बारीक होते. पूर्वताणित काँक्रीटमध्ये हे सगळ्यात धोक्याचं, कारण तिथल्या तारा बारीक असतात आणि कायम ताणलेल्या. वेल्समधला यनिस-अ-ग्वास हा छोटा पूल १९८५ साली कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळला. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ सांध्यांतून आत जाऊन त्याच्या तारा खाऊन गेलं होतं.

फ्लोरिडातली सर्फसाइडची निवासी इमारत २४ जून २०२१ रोजी कोसळून ९८ माणसं गेली. गंज आणि पाणी साचणं हा त्या इमारतीचा जुना प्रश्न होता. पण तपासात पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबच्या मूळ डिझाइनमध्येच ताकद अपुरी असल्याचंही पुढे आलं. सगळा दोष समुद्राच्या माथी मारून चालत नाही. गंज बहुतेक वेळा आधीच कमी असलेली सुरक्षितता खाऊन टाकतो. त्यानंतर २०२२ साली फ्लोरिडाने कायदा करून तीन किंवा अधिक मजली निवासी संकुलांची ३० वर्षांनी, आणि किनाऱ्यापासून ३ मैलांच्या आत असतील तर २५ वर्षांनी, संरचनात्मक तपासणी बंधनकारक केली; ३ मैलांची ही अट २०२३ साली शिथिल झाली.

तपासणीत काही गोष्टी असायलाच हव्यात. कव्हरमीटरने कव्हर किती आहे ते. हाफ-सेल उपकरणाने सळईचा विद्युतविभव: ताम्र-सल्फेट विद्युताग्राच्या तुलनेत वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. उणे २०० पेक्षा वर असेल तर तितक्याच खात्रीने गंज नाही. बुडालेल्या भागात मात्र हे वाचन फसवू शकतं. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडलं की चांगला भाग गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला भाग बिनरंगी राहतो. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून क्लोराइड मोजणं. त्या आकड्यांवरून मीठ सळईपासून किती दूर आहे आणि किती वर्षं हातात आहेत याचा अंदाज बांधता येतो. नुसते हातोडीचे आवाज आणि फोटो एवढ्यावर केलेला स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल समुद्राजवळच्या इमारतीला पुरत नाही.

दुरुस्ती पुन्हा पुन्हा का उखडते

पोपडा निघाला, सळई घासली, वरून माल भरला, रंग दिला. दोन-तीन वर्षांत दुरुस्तीच्या कडेला लागूनच नवी भेग. दोष पुष्कळदा ठेकेदाराच्या मालावर टाकला जातो, पण माल उत्तम असला तरी हे घडतं. गंजणारा भाग आजूबाजूच्या सळईला एक प्रकारे वाचवत असतो, कारण झीज सगळी त्याच्याकडे असते. तो भाग दुरुस्त करून नव्या, मीठविरहित काँक्रीटमध्ये ठेवला की तो झिजणं थांबवतो. मग शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये, जिथे मीठ आधीपासून आहे, नवा झिजणारा प्रदेश तयार होतो, आणि दुरुस्त केलेला भाग त्याला चालना देतो.

म्हणून मीठ शिरलेलं काँक्रीट काढावं लागतं, नुसतं सुटलेलं नाही. सळईच्या मागेही किमान २० ते २५ मिलिमीटर खोदून तिला चहूबाजूंनी मोकळं करतात, आणि त्याआधी वरचा भार आधार देऊन पेलतात. खड्ड्यांत दडलेलं मीठ तारेच्या ब्रशने निघत नाही. त्यासाठी वाळूचा किंवा उच्च दाबाच्या पाण्याचा मारा लागतो. फार झिजलेल्या सळईला जोड सळई द्यावी लागते. दुरुस्तीच्या कडेला जस्ताचे छोटे ठोकळे सळईला बांधले तर लोखंडाऐवजी जस्त झिजतं आणि शेजारचा भाग वाचतो.

मोठ्या आणि मीठ खोलवर गेलेल्या बांधकामांसाठी कॅथोडिक संरक्षण हा उपाय सगळ्यात भरवशाचा आहे. काँक्रीटच्या पृष्ठभागावर लेपित टायटॅनियमची जाळी बसवून बाहेरून अगदी कमी विद्युतप्रवाह सळईत सोडतात, म्हणजे संपूर्ण सळई झिजणारी न राहता संरक्षित बाजूची होते. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागात रिचर्ड स्ट्रॅटफुल यांनी १९७३ मध्ये पुलाच्या डेकवर हे पहिल्यांदा यशस्वी करून दाखवलं. यात सगळं मीठ लागलेलं काँक्रीट काढावं लागत नाही, सुटलेलं तेवढं काढलं तरी चालतं. पण वीजपुरवठा चालू ठेवणं आणि ठरावीक काळाने मोजमाप घेणं ही कायमची जबाबदारी येते. पूर्वताणित काँक्रीटमध्ये प्रवाह जास्त झाला तर तारा ठिसूळ होण्याचा धोका असतो, म्हणून तिथे हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच होतं.